माफीपत्र कोणी लिहिलं?

नोकरी गेली की विद्यालयाने दिलेलं घरही जाणार होतं. म्हणून निघताना सरांपुढे बायकोने हात जोडले, "अहो, आज तरी शहाणपण घरी ठेवून जा."

सरांचा गुन्हा एवढाच, की धर्मशिक्षणाच्या विद्यालयात त्यांनी भर वर्गात सांगितलं, बायबलमधली सगळी स्तोत्रं काही एकट्या दावीद राजाने लिहिलेली नाहीत. बाबेलच्या कैदेतला विलाप तो लिहील कसा? यहुदी लोकांना बाबेलला कैद करून नेलं तेव्हा त्याला जाऊन चारशे वर्षं झाली होती! एका पोराने हे घरी सांगितलं. त्या पोराचे काका नेमके समितीवर.

समितीने माफीपत्र मागितलं. सर तीन दिवस कागदापुढे बसले, एक ओळ उतरेना. शेवटी अर्धं बायकोने लिहिलं, उरलेलं वकिलाकडे कारकुनी करणाऱ्या मेहुण्याने. सरांनी नक्कल केली आणि सही ठोकली.

आता समितीच्या बैठकीत काका ते पत्र डोळ्यांशी धरून बसले होते.

"हे एका माणसाचं लिखाण नाही."

"अक्षर माझंच आहे," सर म्हणाले.

"अक्षर नक्कल करणाऱ्याचं असतं. मजकूर बघा ना! सुरुवातीला गळकं छप्पर, मुलीचं शिक्षण, डोळ्यांत पाणी. हे वहिनींचं. मग एकदम 'सदर इसमाकडून तक्रारीस जागा राहणार नाही.' स्वतःला कोण सदर इसम म्हणतं हो? हे शेपूट मागाहून जोडलंय. आणि वर तारीख तीन, आत मुलगी पास झाल्याचा आनंद. निकाल लागला नऊला!"

सरांचा ऊर भरून आला. बावीस वर्षांत एकाही विद्यार्थ्याने इतकं नेमकं उत्तर दिलं नव्हतं. 'शाबास' अगदी ओठांवर आलं, पण त्यांनी ते गिळलं.

"सगळं मीच लिहिलंय. मन बदलतं, तशी भाषा बदलते. दावीदाबद्दल तुम्हीच म्हणता ना तसं?"

"दावीदाची गोष्ट वेगळी."

"आणि तारखेचं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

इथे मात्र सरांची जीभ सुटली. "दावीदाला चारशे वर्षं पुढचं दिसलं, मला सहा दिवसांचं दिसू नये?"

कोणी हसलं नाही. दहा मिनिटांत ठराव झाला: सरांनी खोटं पत्र दिलं, वर पवित्र ग्रंथाची थट्टा केली, सबब कामावरून कमी. सर्व स्तोत्रं दावीदाचीच, हेही त्यात एकमताने घातलं. पाच जणांनी एकेक वाक्य सुचवलं. खाली सही एकट्या अध्यक्षांची.

सर जिना उतरायला लागले, तोच काका धापा टाकत मागून आले.

"सर, मनाला लावून घेऊ नका हं. तुमचे धडे मी पुतण्याकडून उतरवून घेतलेत. पण तारखांचा भाग कच्चा राहिलाय. एकदा बसून समजावाल? आणखी दोघांची माफीपत्रं आलीत."

"घर कधी सोडायचं?"

"वीस तारखेला," काका म्हणाले. "त्याच्या आत उरकून टाकू."