घाटातली उघडीप

सकाळी दिराचा फोन आला तेव्हा ती चहा गाळत होती.

"वहिनी, आईला आज आणू की उद्या? तुमचा अंदाज काय म्हणतो?"

सासूबाई धाकट्या मुलाकडे घाटापलीकडे राहत. डायलिसिससाठी मात्र घाट उतरून शहरात यावं लागे, आणि शहरात थोरला मुलगा होता. ही थोरली सून, हवामान कार्यालयात अंदाज काढणारी. घरात हवामानवाली असताना रेडिओ कशाला ऐकायचा, असं दिराचं म्हणणं. सासूबाईंचं म्हणणं वेगळं. त्या म्हणत, "सूनबाईने ऊन सांगितलं की मी आधी छत्री शोधते."

या वेळी उशीर करून चालणार नव्हतं. मशीन बिघडल्यामुळे डायलिसिसची मागची तारीख हुकली होती आणि सासूबाईंच्या पायांना सूज आली होती. पुढच्या तीन दिवसांचा अंदाज तिनेच लिहिला होता. आज सकाळी धुकं, संध्याकाळी पाऊस, रात्री पारा खाली, आणि मग कडाक्याची थंडी. त्यामुळे उत्तर सोपं होतं.

"आजच निघा," ती म्हणाली. "धुकं विरलं की लगेच. पावसाच्या आत पोचाल. उद्या घाटातला रस्ता गोठलेला असेल."

ऑफिसात पोचून तिने अजून कोटही काढला नव्हता, तोच तिची नजर आकड्यांवर गेली. घाटमाथ्यावरचं तापमान समोरच्या पडद्यावर दिसत होतं आणि ते रात्रीचं वाटावं इतकं उतरलं होतं. थंडी आधीच येऊन बसली होती. पाऊसही घाईने निघाला होता. दोघांची गाठ घाटात पडणार होती, तीही भर दुपारी. असा पाऊस पडताना पाणी असतो आणि रस्त्याला टेकला की काच होतो. त्यावर टायर धरत नाहीत आणि ब्रेक दाबला तर गाडी अजूनच बिथरते.

तिने दिराला फोन लावला. लागला नाही. घाटात फोन लागत नाहीत हे ठाऊक असूनही तिने पुन्हा लावला, पुन्हा लावला, आणि मग रस्ते विभागाच्या इंजिनियरचा नंबर फिरवला. या माणसाचा घसा बारा महिने बसलेला असायचा.

"घाट बंद करा," ती म्हणाली.

"नक्की ना? मागच्या खेपेला तुमच्या सांगण्यावरून बंद केला आणि दिवसभर लख्ख ऊन. लोकांनी माझी सालटी काढली."

"नक्की. खालच्या गाड्या पायथ्याशी अडवा. माथ्यावरची एकही उतरू देऊ नका."

"आणि उताराला लागलेल्या?"

"त्या येऊ देत. बाकी नको."

"बरं," तो म्हणाला.

फोन ठेवून तिने घड्याळात पाहिलं. दिराची गाडी या वेळी माथ्याच्या आसपासच असणार होती.

तिथेच होती. थोड्या वेळाने त्याने माथ्यावरच्या चौकीतून फोन केला.

"वहिनी, फाटक आमच्या नाकासमोर पडलं. पुढची दुधाची गाडी सोडली आणि आम्हाला अडवलं. हे तुमच्याकडून आलं का?"

"माझ्याकडूनच."

 त्याच्या पाठीमागे कुणीतरी खोकत होतं. तो खोकला तिला ओळखीचा होता.

"आई कशा आहेत?" तिने विचारलं.

"धाप लागतेय. इथे शेगडी आहे, तिच्याजवळ बसवलंय. आडवं झालं की जास्तच लागते."

मग नवऱ्याचा फोन आला. त्याला भावाने सगळं सांगितलं होतं.

"निघायला तूच सांगितलंस आणि अडवलंसही तूच?"

"सकाळी वेगळं होतं."

"एक गाडी सोडायला सांग. एकच."

"तिच्यामागे रांग आहे. एकीला सोडलं तर बाकीच्यांना कोणत्या तोंडाने अडवायचं?"

"ती एक गाडी नाही. माझी आई आहे." त्याने फोन ठेवला.

बाहेर पाऊस सुरू झाला होता. खिडकीखालच्या रस्त्यावर एक सायकलवाला घसरून पडला, उठला आणि सायकल हातात धरून भिंतीच्या कडेकडेने चालू लागला. ती ते बघत उभी असतानाच इंजिनियरचा फोन आला.

"वर एका म्हाताऱ्या बाईची तब्येत बिघडली आहे म्हणतात. वाळूची गाडी पाठवतो. चाकांना साखळ्या लावून, वाळू टाकत टाकत वर जाईल आणि आजाऱ्यांना, पोराबाळांना घेऊन उतरेल. पण पावसात टाकलेली वाळू वाहून जाते. मला उघडीप सांगा. कधी आणि किती वेळ?"

"ती बाई माझी सासू आहे," ती म्हणाली.

 बसक्या आवाजात तो म्हणाला, "मग मी काय करू? तुम्ही सांगाल ते खरं धरू का?"

"इतक्यात नका धरू. मी परत फोन करते."

रडारवर पावसाचे दोन पट्टे दिसत होते आणि मध्ये मोकळी जागा. दुपारी दोनपासून संध्याकाळी पाचपर्यंत उघडीप. गाडीला जायला, माणसं चढवायला आणि सावकाश उतरायला जेवढा वेळ लागेल तेवढीच, अगदी मापून दिल्यासारखी. तिला तेच खटकलं. तिने मागे वळून सहकाऱ्याला हाक मारली. त्याला ऑफिसात सगळे संशयात्मा म्हणत, कारण तो स्वतःच्या पगाराची पावतीही दोनदा तपासायचा.

"मला घाटातली उघडीप काढून द्याल? मी काढली आहे, पण माझी सांगत नाही."

"कशासाठी हवी आहे?"

"रस्तेवाल्यांना." याहून जास्त ती बोलली नाही.

त्याने इतका वेळ लावला की तिला त्याच्या हातातला माऊस हिसकावून घ्यावासा वाटला. शेवटी चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला, "दोन ते चार. पाऊस पाचपर्यंत थांबेल, पण चारला दरीतून धुकं चढेल. उतारावरच्या माणसाला स्वतःचं बॉनेट दिसणार नाही."

धुकं. सकाळी दिराला स्वतःच्या तोंडाने धुकं सांगितलं होतं आणि आता तिला ते दिसलंच नव्हतं.

तिने फोन उचलला. "दोन ते चार. चारनंतर गाडी उतारावर नको."

"दोन तासांत वर जाऊन परत यायचं? कठीण आहे."

"जमणार नसेल तर पाठवू नका." तिने पडद्यावरची दरी पुन्हा पाहिली. "चारच्या आत उतरणं होणार नसेल तर ड्रायव्हरने वरच राहावं. माझी माणसंही वरच राहतील."

"मी ड्रायव्हरला विचारतो," इंजिनियर म्हणाला.

ड्रायव्हर निघाला. तीही साहेबांना सांगून पायथ्याकडे निघाली. पाऊस थांबला होता आणि झाडांच्या फांद्यांवर बर्फाचं कवच चढलं होतं. फाटकाजवळ रुग्णवाहिका उभी होती. शेजारी नवरा होता. त्याने तिच्याकडे एकदाच बघितलं.  दोघं एकाच वळणाकडे बघत राहिली.

धुकं आधी दरीत दिसलं. मग ते कठड्यावर चढलं आणि बघता बघता वळण पुसून गेलं. चार वाजून गेले होते. इंजिनियर वायरलेसवर चौकीशी बोलत होता. गाडी तिथून कधीच निघाली होती आणि मधे कुठे आहे ते कुणालाच सांगता येत नव्हतं.

"तू त्याला थांबायला सांगितलं होतंस ना?" नवऱ्याने विचारलं.

"सांगितलं होतं."

आधी आवाज आला. रस्त्यावर साखळ्या खळखळत होत्या, थांबत होत्या, पुन्हा खळखळत होत्या. मग धुक्यात पिवळट उजेड पसरला आणि एक माणूस हातात बॅटरी घेऊन गाडीपुढे पावलापावलाने चालत येताना दिसला. तो क्लीनर होता. शेवटचं वळण त्याने असं चालत काढलं होतं.

सासूबाई ड्रायव्हरशेजारी घोंगडीत गुंडाळलेल्या होत्या. ओठ निळसर झाले होते. खाली उतरवताना त्यांनी सुनेचं मनगट धरलं.

"दुधाची गाडी पोचली का गं खाली?"

"पोचली," ती म्हणाली. तिने येताच इंजिनियरला पहिलं तेच विचारलं होतं.

"बरं झालं." पुढे बोलायला दम नव्हता. नर्सने तोंडावर मास्क लावला. नवरा रुग्णवाहिकेत चढला, मग वाकून त्याने हात पुढे केला आणि तिलाही आत ओढून घेतलं.

त्या संध्याकाळीच डायलिसिस झालं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं. घाट थंडी ओसरेपर्यंत बंद राहिला आणि दीर चौकीतच अडकला. तिथून तो रोज फोन करायचा.

"आई बरी आहे ना?" तो आधी विचारायचा. एकदा मात्र म्हणाला, "वहिनी, राग मानू नका. दुधाची गाडी पोचली म्हणजे आम्हीही पोचलो असतो."

"पोचला असतात कदाचित," ती म्हणाली. तिला खोटं बोलवेना.

डायलिसिसच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात तिने संशयात्म्याला वर कोण अडकलं होतं ते सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि चष्मा पुसायला काढला.

"आधी सांगितलं असतंत तर मी भीतीने उघडिपीतला अजून एक तास कापला असता."

"मग गाडी गेलीच नसती."

"नसती," तो म्हणाला, आणि खुर्ची पडद्याकडे फिरवून बसला.