आक्काची लाकडी जमीन

हिवाळ्यातलं कोवळं ऊन खिडकीच्या गजांतून आत उतरलं, की आक्काच्या बैठकीतली सागवानी जमीन पिकल्या चिकूच्या रंगाची होते. त्या उन्हात अनवाणी पावलं टेकून बसलेली माझी थोरली बहीण दुरून येणारा एखादा मंद, दीर्घ स्वर ऐकत असल्यासारखी निश्चल दिसते. नव्या माणसाला वाटतं, आक्का ध्यानाला बसली आहे. ती खरोखर ऐकत असते. लहानपणीच्या तापात तिचे दोन्ही कान गेले. तेव्हापासून डोळ्यांनी ओठ वाचायचे आणि तळपायांनी माणसांची चाहूल घ्यायची, अशी तिची रीत झाली.

लग्नानंतरची पहिली काही वर्षं ती आणि दाजी किनवटला होते. दाजी तिथल्या शाळेत चित्रकला शिकवायचे. भाड्याचं घर जुनं, जमीन फळ्यांची. दाजींचं पाऊल उंबऱ्याच्या आत पडायचा अवकाश, पाठमोरी आक्का हसत वळायची. पुढे नांदेडला बदली झाली. तिथल्या घरातली शहाबादी फरशी थंडगार आणि मुकी होती. मागून कुणी आलं की आक्का दचकायची, हातातलं भांडं सुटायचं, चेहऱ्यावरचा रंग उडायचा. दाजी ते बघत होते, बोलत नव्हते. स्वतःचं घर बांधायची वेळ आली तेव्हा त्यांनी किनवटकडून सागवान आणवलं आणि वाशांवर, खाली पोकळी राखून, फळ्या ठोकून घेतल्या. शेजारी हसले, "गुरुजी, नांदेडात कुणी लाकडाची जमीन करतं व्हय?"

दाजी म्हणाले, "आमच्या घरात एक माणूस हाय, त्याला दगडातून ऐकू येत न्हाई."

दाजी गेले, आणि ती जमीन एकट्या आक्काच्या हाती आली. सकाळी मऊ केरसुणी लाकडाच्या रेषांच्या दिशेनंच फिरायची. मग थेंबही गळणार नाही इतकं घट्ट पिळलेलं फडकं. अंगणातला खडा पायाला लागून आत येऊ नये म्हणून दारात काथ्याचं पायपुसणं, खुर्च्यांच्या पायांना जुन्या घोंगडीचे तुकडे. वर्षातून एकदा, हवा कोरडी झाली की, पदर खोचून ती मेण विरघळवलेलं जवसाचं तेल तळहातानं फळ्यांत जिरवायची. झोपू घातलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरावा तसा तो हात फिरायचा, आणि त्याच्यामागून लाकडातल्या रेषा एकेक करून उजळत यायच्या, ओसरलेल्या गोदावरीच्या वाळूवर पाण्याच्या लाटा उमटून राहाव्यात तशा.

गेल्या भाद्रपदात गौरींना ती माझ्याकडे लातूरला आली. सण आटोपल्यावर मीच तिला सोडायला नांदेडला गेले. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि ओल्या लाकडाचा कुबट वास अंगावर आला. बेसिनखालचा पाइप फुटून पाणी बैठकभर पसरलं होतं. प्रत्येक फळीच्या कडा वर उचलल्या होत्या, मध्ये फळी खोलगट झाली होती. उलटी कौलं रांगेनं मांडून ठेवावीत तशी ती जमीन दिसत होती. आम्ही पाणी उपसलं, पुसलं, खिडक्या उघडल्या. दमून चहा ठेवायला आक्का आत गेली. मी बैठकीतून चालत तिच्यामागे गेले, खांद्यावर हात ठेवला, आणि ती किंचाळली. इतक्या वर्षांत तिचा तसला आवाज मी ऐकला नव्हता. मी येतेय हे तिला कळलंच नव्हतं. फुगलेल्या फळ्या एकमेकींत रुतून बसल्या होत्या. त्यांच्यातून आता पावलांची थरथर वाहत नव्हती.

आक्काचा मुलगा नितीन पुण्याहून धावत आला. आईसमोर बसून, तिला ओठ नीट दिसावेत म्हणून सावकाश बोलला, "आई, हे सगळं काढून टाकू. टाइल्स बसवून देतो. दारावर दिवा लागणारी बेल लावतो. तू एकटी राहतेस, मला भीती वाटते गं."

त्याच्या बोलण्यात माया होती, म्हणून तर ते मोडून काढणं अवघड होतं. सुतारानंही फळ्यांवर हात फिरवून सांगितलं, "लई फुगून राहिल्यात. रंधा मारून आत्ताच सपाट करून देतो, आक्का."

आक्का आपल्या घोगऱ्या, चढउतार नसलेल्या आवाजात दोघांनाही म्हणाली, "न्हाई. आधी वाळू दे."

मला वाटलं, ती दाजींच्या आठवणीला धरून बसली आहे.

तिनं भिंतीकडेच्या दोन-चार फळ्या तेवढ्या उचलून घेतल्या, खाली वारा खेळावा म्हणून. पंखे संथ चालत राहिले. कडक उन्हानं लाकूड तडकू नये म्हणून दुपारचे पडदे ओढलेले असत. रोज सकाळी ती गुडघे टेकून जमिनीवर तळवा ठेवायची, तापलेल्या कपाळावर ठेवावा तसा. मग उठून कामाला लागायची. आश्विनाची उमस सरली, कार्तिकातले कोरडे वारे आले. फोनच्या पडद्यावर मी हातानंच विचारायची, आणि ती मान हलवायची: अजून नाही.

थंडी पडल्यावर मी गेले तेव्हा दार उघडंच होतं. आक्का पाठमोरी बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. मी चपला काढल्या आणि पुन्हा सपाट बसलेल्या फळ्यांवर पाऊल ठेवलं. तिचा हात थांबला.

"आलीस व्हय गं?" मागे न बघता ती म्हणाली.

मग ती वळली, आणि दोन्ही तळव्यांनी जमीन थोपटत लहान पोरीसारखी ओरडली, "सुकली! सुकली बघ!" शेंगा उधळल्या गेल्या, आणि आम्ही दोघी त्यांच्या पसाऱ्यात बसून हसत-रडत राहिलो. नितीनला व्हिडिओ कॉल लावून जमीन दाखवली. "बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस," एवढं बोलून त्यानं चष्मा पुसला. पुढे सुतारानं उचललेल्या फळ्या परत ठोकल्या, एखाददुसरी कड घासून दिली. बेसिनजवळ पाण्याचा एक काळसर डाग राहिला; आक्का म्हणाली, राहू दे.

मी गेले त्याच दुपारी जेवून ती बैठकीतच आडवी झाली. पाण्यानं घात केल्यापासून ती भिंतीला पाठ लावून, तोंड दाराकडे करून निजत होती, हे पूर्वी पाहूनही मला तेव्हाच उमगलं. कारण आज ती खुशाल दाराकडे पाठ करून झोपली होती, श्वास खोल आणि सावकाश. तिला तशी गाढ झोपलेली पाहताना वाटलं, माणूस जातं, त्याचा चेहराही काळाबरोबर पुसट होत जातो. पण दाजींनी कधीतरी मुकाट्यानं अंगावर घेतलेली तिची राखण अजून संपलेली नाही.