शांतम्माचे भुतांचे सिनेमे

आमच्या घरात भुतांचे सिनेमे बघण्याचं वेड लेकीचं होतं, बायकोचं नव्हे. शांतम्मा तर पालीला भिणारी बाई. पण अक्षरा नांदेडच्या कॉलेजातून सुट्टीला लातूरला आली की दोघी मायलेकी दुपारची जेवणं आटोपून पडदे ओढून घेत, एका चादरीत शिरत आणि टीव्हीवरची हडळ किंचाळली की तिच्याहून मोठ्यानं किंचाळत. मी नेमका दुकान बंद करून जेवायला आलेला असायचो. घटकाभर पाठ टेकावी म्हटलं तर शेजारच्या खोलीत हा गोंधळ.

"विकतची भीती कशाला घेता गं?" मी एकदा तडकून विचारलं.

"अप्पा, भिऊन झालं की घर लई गोड वाटतंय," अक्षरा म्हणाली. "पडदा उघडायचा, उजेड आत घ्यायचा, अव्वाच्या हातचा चहा प्यायचा. त्याच्यासाठीच तर बघायचं."

तिच्या आवडीनिवडी ठरलेल्या होत्या. बाहुलीत शिरणारी भुतं तिला पोरकट वाटत, रक्ताचे पाट वाहणारे सिनेमे तिला चालत नसत. पडकी हवेली, मोकळ्या केसांची बाई आणि आपोआप हलणारा झोपाळा असला की स्वारी खूश. शांतम्माला हसवणारी भुतं आवडायची. त्यावरून दोघींची रोज भांडणं व्हायची.

मागच्या पावसाळ्यात नांदेडला अक्षराला डेंग्यू झाला. आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा ती बोलत होती, चहा मागत होती. दुसऱ्या दिवशी ती नव्हती. वीस वर्षांची पोर. त्या दिवसाबद्दल मला याहून जास्त सांगता येत नाही.

आम्ही लिंगायत. आमच्यात माणसाला जाळत नाहीत. बसवून मातीत ठेवतात आणि जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग त्याच्या तळहातावर देतात. लिंग घेऊन गेलेला माणूस शिवात मिळाला. त्याला पिंड नाही, कावळा नाही, मागं फिरणं नाही. म्हणून आमच्यात भूतही नाही. हे मी लहानपणापासून ऐकत आलो आणि चारचौघांत ऐटीत सांगतही आलो.

लेकीला शेवटची आंघोळ शांतम्मानंच घातली, विभूती लावली, मूठ मिटून पांढऱ्या कापडानं बांधली. औसा रस्त्याला आमचं शेत आहे, तिथं खड्डा घेतला होता. विधी करायला आलेल्या बसलिंगप्पा स्वामींनी बांधलेली मूठ बघून विचारलं, "लिंग दिलंय का, अव्वा?"

"हाव," शांतम्मा म्हणाली.

पोर गेलेल्या आईला मूठ सोडून दाखव असं कोण म्हणणार? स्वामींनी मंत्र म्हटले, आम्ही माती लोटली.

महिनाभरानं घरात टीव्ही लागला. शांतम्मा अक्षराची चादर अंगावर घेऊन एकटीच भुताचा सिनेमा बघत होती. मला बरं वाटलं. म्हटलं, मन रमतंय तर रमू दे. पण तिचं बघणं काही वेगळंच होतं. ती किंचाळत नव्हती, हसत नव्हती. परीक्षेचा अभ्यास करावा तशी बघायची. भूत कुठल्या दारानं येतं, आधी दिवा जातो की कुत्रं भुंकतं, ते कुणाला दिसतं आणि कुणाला दिसत नाही. परदेशातले सिनेमे तिनं सोडून दिले. ज्यात घरचंच माणूस मरून परत येतं तेवढेच तिला लागायचे. आणि शेवटाला मांत्रिक लिंबू-नारळ घेऊन निघाला रे निघाला की ती टीव्ही बंद करायची.

"अगं, आक्खा सिनेमा बघितलीस, शेवट तरी बघ की," मी म्हणायचो.

"शेवटात काय ऱ्हातंय? हाकलतेत तिला."

त्याच सुमारास ती दाराला कडी लावेनाशी झाली. मी लावावी, तिनं काढावी. घर भर बाजारपेठेत, चोराचिलटाची भीती. मी संतापून वाट्टेल ते बोलायचो. माझी पाठ वळली की ती परत कडी काढायची.

वर्ष होत आलं तसं समाधीवर दगडी कट्टा बांधायचं मी ठरवलं. सुदर्शन मिस्त्रीशी बोलणंही झालं. जेवताना शांतम्माला सांगितलं तर तिच्या हातातला घास ताटात पडला.

"दगड ठिवू नका."

"का?"

"मग ती उठंल कशी?"

माझं डोकंच फिरलं. "शांते, काय बडबडायलीस? आपल्यात कुनी उठत न्हाई. लिंग हाय तिच्या हातात!"

तिनं हात धुतला. गळ्यातली चांदीची डबी काढून माझ्यापुढं उघडली. डबीत दोन लिंगं दाटीवाटीनं बसवलेली होती.

"मी दिलंच न्हाई," ती म्हणाली. "दिलं असतं तर ती शिवाकडं गेली असती. मला न्हाई पाठवायचं होतं तिला. सिनेमात सगळ्यांची येतेत की हो. म्हटलं, माझी भूत होऊन का हुईना, येऊ द्या. वर्षभर दार उघडं ठिवलं. आली न्हाई."

मला आधी रागच आला, खोटं कशाला सांगू? पोरीला वर्षभर अधांतरी ठेवलंस म्हणून ओरडायला मी तोंड उघडलं आणि रडायलाच लागलो. लेक गेली तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

शांतम्मानं मला हाताला धरून टीव्हीसमोर बसवलं. अर्धी चादर माझ्या अंगावर टाकली आणि सकाळी अर्धवट सोडलेला सिनेमा लावला. त्यात विहिरीत बुडालेली एक पोरगी आपल्या घरी परत येते. आई दार लावते, बाप पळतो, भाऊ मांत्रिक आणतो. या वेळी शांतम्मानं टीव्ही बंद केला नाही. पोरगी हात जोडून थांबा थांबा म्हणत राहिली आणि धूर होऊन गेली.

"सगळी पळाली हो," शांतम्मा हुंदके देत म्हणाली. "येवढ्या लांबून आलं लेकरू, जेवलीस का म्हणून कुनी इचारलं न्हाई." बऱ्याच वेळानं तिनं डबीतलं अक्षराचं लिंग काढून माझ्या हातावर ठेवलं. "आपली बी कुठंतरी अशीच हुबी असंल. तुमी नेऊन द्या तिला. जाऊ द्या."

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला घेऊन शेतात गेलो. सुदर्शनला पाणी आणायला विहिरीवर धाडलं आणि समाधीची हातभर माती उकरली. लिंग मुठीत घेऊन बसलो. मूठ काही उघडेना. आपल्यात भूत नाही म्हणून जन्मभर छाती फुगवून सांगणारा मी. पण हे एकदा मातीत गेलं की अक्षरा खरंच येणार नाही, हे मला त्या खड्ड्याशी कळलं, आणि मला ते नको होतं. मी माती परत लोटली. सुदर्शन आल्यावर म्हणालो, "वर दगड नको. भोवतीनं इटा लाव, मधे बेल लावू."

घरी आलो तर शांतम्मा दारातच उभी होती.

"दिलं?"

"दिलं," मी म्हणालो.

तिनं डोळे मिटून हात जोडले. मला जेवायला वाढलं, स्वतःही पोटभर जेवली. मग वर्षात पहिल्यांदा तिनं आपल्या हातानं दाराला कडी लावली आणि चादर ओढून गाढ झोपली.

मी बसून राहिलो. माझ्या गळ्यातली डबी आता नीट मिटत नव्हती. थोड्या वेळानं उठलो आणि आवाज न करता कडी काढली. दोन भाकरी उरल्या होत्या, त्या ताटाखाली झाकून ठेवल्या. लांबून यायचंय पोरीला, उपाशी असेल.