पंपाच्या तळाशी उरलेलं औषध

मित्रांनो, माझ्या पोटात सोळा लिटर पाणी मावतं. मी एक जुना फवारणी पंप आहे, पाठीवर घ्यायचा आणि हाताने दांडा मारून चालवायचा. कधीकाळी मी निळा होतो. ऊन खाऊन खाऊन आता राखेच्या रंगाचा झालो आहे. माझे मूळचे पट्टे केव्हाच तुटले. त्या जागी सुंदराबाईंनी जुन्या सतरंजीची पट्टी शिवून दिली, तिच्यावरच मी टिकून आहे. मी सांगणार आहे ते माझ्याबद्दल थोडं आहे आणि एका कुत्र्याबद्दल जास्त आहे. त्याचं नाव चेंडू होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात फुगवून माझी टाकी तयार केली, तिला नळी जोडली, नळीच्या टोकाला पितळेचं तोंड बसवलं. मग मी अमरावतीच्या एका कृषी केंद्राच्या दारात दोन महिने दोरीला लटकत राहिलो. एके दिवशी भातकुलीकडचे बुधाजी आले. त्यांनी माझ्यात साधं पाणी भरलं आणि दुकानासमोरच्या रस्त्यावर फवारून पाहिलं. पाणी धुक्यासारखं बारीक उडालं. बुधाजी म्हणाले, "हाव, हाच पाह्यजे." मी त्यांच्या पाठीवर बसून एसटीने गावी आलो.

बुधाजींच्या वावराकडचं पाणी खारं आहे. ते औषधात मिसळलं की माझ्या तोंडाशी पांढरा थर धरतो आणि फवारा अडतो. मग बुधाजी ते पितळी तोंड काढायचे, आपल्या ओठांना लावायचे आणि जोरात फुंकायचे. सुंदराबाई बांधावरून ओरडायच्या, "तोंडानं काहून फुकता? जहर हाय ते!"

"इतक्या वर्सात मले काई झालं का?" बुधाजी म्हणायचे आणि तसेच कपाशीच्या पुढच्या ओळीला लागायचे.

ते माझे चांगले दिवस होते. गल्लीतल्या चार घरांत मी उसना जायचो. शेजारचा गजेंद्र तर मला स्वतःचाच समजायचा. तो म्हणायचा, "बुधाजीभाऊ, तुमचा पंप म्हंजे गावची म्हैस हाय. कोनीबी यावं अन् पिळून न्यावं." पुढे बॅटरीवर चालणारे पंप आले. गजेंद्रने तसा पंप आणला आणि मला कोणी विचारेनासं झालं. मी घरालगतच्या छपरीतल्या खिळ्यावर टांगलेला राहू लागलो. फक्त बुधाजींनी मला सोडलं नाही.

माझ्या खिळ्याखाली एक पोतं अंथरलेलं असायचं. ती चेंडूची जागा होती. बुधाजींची मुलगी पायल दहावीत असताना तिने त्याला भातकुलीच्या एसटी स्टँडवरून दप्तरात घालून आणलं होतं. तेव्हा तो इतका गोल होता, की चालताना लोळल्यासारखा दिसायचा, म्हणून चेंडू. पुढे पायल नर्सिंग शिकायला अकोल्याला गेली. जाताना ती बापाला म्हणाली होती, "बाबा, माह्या चेंडूकडे ध्यान ठेवजा." बुधाजींनी ते मनावर घेतलं. ते जेवताना पहिला तुकडा चेंडूला टाकायचे. गजेंद्र चिडवायचा, "कुत्र्याले दुधभाकर अन् मले कवा चहा बी नाई! पुढच्या जन्मी तुमच्या छपरीतच येतो."

बुधाजी हसायचे. त्यांचं त्या कुत्र्यावर मनापासून प्रेम होतं. पुढचं सगळं ऐकताना, मित्रांनो, हे विसरू नका.

आमच्याकडे एक रीत आहे. फवारणी झाली की पंपाच्या तळाशी थोडं औषध उरतं. ते कोणी सांडत नाही. बैलांच्या अंगावर मारतात, म्हणजे गोचीड मरतात. बुधाजींनी ते अनेकदा केलं होतं, त्यांच्या बैलांना कधी काही झालं नव्हतं. त्या पावसाळ्यात चेंडूच्या कानांत आणि पायांच्या बेचक्यांत गोचीड भरले होते. तो रात्रंदिवस खाजवायचा. सुंदराबाई म्हणाल्या, "दवाखान्यातून पावडर आना. पंपातलं मारू नोका त्याच्यावर." बुधाजी हो म्हणाले.

दोन दिवसांनी ते कपाशी फवारून दुपारी घरी आले. सुंदराबाई वावरात तण निंदायला गेल्या होत्या. माझ्या तळाशी तांब्याभर औषध होतं, आणि ते नेहमीपेक्षा कडक होतं, कारण शेवटच्या टाकीत बुधाजींनी झाकणभर जास्त ओतलं होतं. त्यांनी चेंडूला खुंट्याला बांधलं. "हल्लू नको रे बापा, आता बरं वाटंन तुले," असं म्हणत त्यांनी माझा दांडा मारला. पाठ, पोट, कान, शेपटीखाली, सगळं त्यांनी काळजीने भिजवलं. चेंडू शहाण्यासारखा उभा राहिला. त्याला वाटलं असेल, आंघोळ आहे. मग बुधाजींनी मला खिळ्यावर टांगलं. चेंडू माझ्याखाली बसला आणि आपलं ओलं अंग चाटू लागला.

चाटून चाटून त्याने सगळं अंग कोरडं केलं. मी वरून पाहत होतो.

दिवे लागायच्या सुमारास त्याच्या तोंडातून लाळ गळू लागली. त्याने दोनदा ओकारी केली. मागचे पाय थरथरायला लागले. सुंदराबाई वावरातून आल्या आणि त्याच्याजवळच बसल्या. "अवो, काय खाल्लं यानं?" त्यांनी विचारलं. बुधाजी म्हणाले, "खाल्लं असंन काईतरी उकिरड्यावरचं." हे म्हणताना त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच मान फिरवली. त्याच क्षणी त्यांना समजलं होतं, असं मला वाटतं. पण समजणं आणि कबूल करणं या दोन गोष्टींत त्यांचे दोन दिवस गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी गजेंद्रच्या ऑटोतून ते चेंडूला जनावरांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. मी घरीच होतो. पण परत आल्यावर सुंदराबाईंनी पायलला फोन लावला आणि तिथे काय झालं ते सगळं सांगितलं. डॉक्टर मॅडमनी बॅटरी लावून चेंडूचे डोळे पाहिले. डोळ्यांतल्या बाहुल्या अगदी बारीक झाल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, मला विषाचा संशय येतो. याने काही विषारी खाल्लं का? याच्या अंगावर काही मारलं का? सुंदराबाईंनी बुधाजींकडे पाहिलं. बुधाजी म्हणाले, "नाई जी." मॅडमनी पुन्हा विचारलं, "नक्की?" ते पुन्हा म्हणाले, "नाई." मग मॅडमनी गोचीडतापासाठी रक्त तपासायला घेतलं, सलाइन लावलं, ओकारीची सुई दिली आणि म्हणाल्या, काही आठवलं तर लगेच फोन करा.

फोनचा आवाज मोठा केलेला होता. पायल तिकडून म्हणाली, "आई, आमच्या दवाखान्यात या दिवसात फवारणीचे लय पेशंट येतात. त्यांच्याबी बाहुल्या अश्याच बारीक होतात. बाबा, त्याले कपाशीचं औषध त नाई न लागलं?"

बुधाजी छपरीच्या दारात उभे होते. माझा पट्टा त्यांच्या खांद्यापासून हातभर अंतरावर होता.

"नाई लागलं," ते म्हणाले.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. चेंडूजवळ बसून राहिले. कपड्याने त्याची लाळ पुसत राहिले. मध्येच त्याच्या कानात म्हणाले, "ऊठ न बे. ऊठ. मी काय सांगू तुह्या पायलले?" त्यांच्या मनात एकच हिशोब चालला होता. कुत्रा आपोआप बरा झाला, तर कोणाला काही सांगायची वेळच येणार नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी चेंडूच्या तोंडाला फेस आला. त्याला उभं राहता येईना. कोणी जवळ गेलं की त्याचं अंग झटके द्यायचं. गल्लीतले लोक लांब उभे राहिले. मागच्या वर्षी त्याची लस टोचायची राहून गेली होती, हे सगळ्यांना माहीत होतं. गजेंद्र दाराशी आला. त्याच्या हातात काठी होती.

"बुधाजीभाऊ, कुत्रं पिसायलं हे. वैनी, तुमी बाजूले व्हा. लेकरं खेयतात गल्लीत. हे ठेवता येत नाई आता."

सुंदराबाई उठल्या नाहीत. चेंडूचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं, लुगडं लाळेनं ओलं झालं होतं. "काठी पयले मले मार," त्या म्हणाल्या.

"अवो वैनी, चावला त तुमी बी जान! त्याची लाळ लागली, तुमाले आता पोटभर सुया घ्या लागतीन. बुधाजीभाऊ, सांगा न यायले! तुमच्या घरचं मानूस हाय!"

बुधाजी उभे राहिले. त्यांचा आवाज इतका हळू निघाला, की गजेंद्रला पुढे वाकावं लागलं.

"पिसायला नाई तो. म्या त्याच्यावर औषध मारलं."

"कोनतं औषध?"

"कपाशीचं. परवा दुपारी. गोचीड मराव म्हणून."

गजेंद्रची काठी खाली आली. "मंग दोन दिवस मूग गिऊन काहून बसले होते? डाक्टरीनबाई दोन वेळा इचारत होती! मी तिथंच उभा होतो!"

सुंदराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "बाटली कुठी हाय?"

बाटली होती, पण तिच्यावरचा कागद कधीच गळून पडला होता. औषधाचं नाव कोणालाच आठवेना. तेव्हा सुंदराबाई स्वतः उठल्या आणि त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. त्या बाटलीसह मीही ऑटोत चढलो. पुढे गजेंद्रशेजारी सुंदराबाई; मागे एका बाजूला चेंडू आणि दुसऱ्या बाजूला मी, मध्ये बुधाजी. वाटेभर त्यांचा एक हात त्याच्या छातीवर होता. दुसऱ्या हाताने त्यांनी मला धरलं होतं, कारण रस्ता खड्ड्यांचा होता.

दवाखान्यात मॅडमनी हातमोजे घातले. माझं झाकण उघडलं आणि तळाशी नाक नेलं. लगेच मागे झाल्या. बाटलीचाही वास घेतला. "हेच आहे," त्या म्हणाल्या. "याच्यावर उतारा आहे माझ्याकडे." त्या धावतच कपाटाकडे गेल्या. सुई दिली, मग दहा-दहा मिनिटांनी आणखी. चेंडूला साबणाच्या पाण्याने दोनदा धुतलं. बुधाजी म्हणाले, "बैलाले त काई होत नाई जी." मॅडम हात न थांबवता म्हणाल्या, "बैलालाही होतं बाबा, फक्त दिसत नाही. आणि कुत्रा अंग चाटतो. तुम्ही अंगावर मारलं ते त्याच्या पोटात गेलं. काल का नाही सांगितलं?"

"शरम वाटली," बुधाजी म्हणाले. "पोरीचा कुत्रा होता. मी सांभायतो म्हटलं होतं."

मॅडमनी पुढची सुई भरली.

दुपारपर्यंत चेंडूची लाळ थांबली. थरथर कमी झाली. त्याने मान उचलून बुधाजींच्या ओंजळीतलं पाणी दोनदा चाटलं, शेपटी फरशीवर आपटली. बुधाजी हसले, आणि हसता हसता त्यांनी तोंड फिरवलं. गजेंद्र म्हणाला, "वाचला बुवा! आता त दुधभाकरीवर मी बी येतो." पण मॅडमच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. त्या छातीला नळी लावून ऐकत होत्या. तीनच्या पुढे चेंडूचा श्वास वर वर येऊ लागला. त्याच्या छातीचं बळ दोन दिवसांत संपलं होतं. मॅडमनी पुष्कळ केलं. चारला थोडा वेळ बाकी असताना तो गेला.

मग बुधाजींनी विचारलं, "काल सकायी सांगतलं असतं त?"

मॅडमनी हातमोजे काढले. "बहुतेक वाचला असता," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला खोटं सांगणार नाही."

परतीच्या वाटेवर सुंदराबाई म्हणाल्या, "मले वास येत होता त्याच्या अंगाचा. दोन दिवस मांडीवर घेऊन बसली. म्या म्हटलं, तुमच्या कपड्याचा असंन." मित्रांनो, त्यांचं चुकलं नव्हतं. तो वास त्या घराच्या भिंतींना, भांड्यांना, गोधड्यांना होता, आणि तो माझा होता. इतकी वर्षं मी छपरीत, पाण्याच्या माठापासून चार पावलांवर टांगलेला होतो. कोणालाच त्याचं काही वाटलं नाही.

चेंडूला बांधावर पुरलं. माती लोटून बुधाजी घरी आले तेव्हा फोन वाजत होता. पायलचा रोजचा फोन. नेहमी सुंदराबाई उचलायच्या. त्या पुढे झाल्या, पण बुधाजींनी हात आडवा केला आणि फोन स्वतः घेतला.

"पायल, चेंडू गेला," ते म्हणाले. "काहून गेला ते मी सांगतो. माहं पुरं होयेपर्यंत मधात बोलू नको."

त्यांनी सगळं सांगितलं. तळाशी उरलेलं औषध, जास्तीचं झाकण, दवाखान्यात म्हटलेलं ‘नाई’, फोनवर म्हटलेलं ‘नाई’. पायलने शेवटपर्यंत ऐकलं. मग फोन बंद झाला. पोळ्याला पायल घरी येणार होती. ती आली नाही.

मित्रांनो, मला आता वावरातल्या पत्र्याच्या टपरीत कुलूप लावून ठेवतात, आणि ते बरोबरच आहे. विषाची वस्तू माणसांच्या आणि मुक्या जनावरांच्या श्वासात ठेवू नका. पिकाचं औषध पिकालाच मारा, आणि उरलेलं कोणाच्याही अंगावर ओतू नका. पण याहून मोठी विनंती वेगळी आहे. तुमच्या घरचं जनावर आजारी पडलं आणि डॉक्टरांनी काय झालं विचारलं, तर आपली चूक सगळ्यात आधी सांगा. शरम वाटेल, घरचे बोलतील, पण सांगा. चेंडूला सांगता येत नव्हतं. मलाही येत नव्हतं. बुधाजींना येत होतं.