भावजींचा प्रीअँप

ताईचा नवरा कुणाच्याही घरी गेला की आधी तिथल्या स्पीकरकडे बघून नाक मुरडायचा. गाणी ऐकायला त्याने घरात वेगळी खोली केली होती; तीत ताईने शिंकलेलंही त्याला खपत नसे. ध्वनिमुद्रण करून पोट भरणाऱ्या त्याच्या मेहुणीला या थाटाचं आता हसूही येत नव्हतं.

ताई अंध मुलांसाठी गोष्टींचं पुस्तक वाचणार होती, बहिणीच्याच छोट्या स्टुडिओत. पहिल्याच दिवशी भावजीही हजर. सोबत स्वतःचा प्रीअँप, म्हणजे सिग्नल वाढवायची पेटी, गाडीच्या सीटवर पट्टा बांधून आणलेली.

"तुझ्या प्रीअँपचा हा पोचे पडलेला डबा काढ आधी," ते म्हणाले.

"भावजी, तुमचा हाय-फायचा आहे, गाणी ऐकायचा. मला माइकचा लागतो."

"प्रीअँप तो प्रीअँप!"

"माइकमधून जेमतेम एखादा मिलिव्होल्ट येतो. तो हजारपट वाढवायचा, तोही खरखर न होऊ देता, हे या डब्याचं काम. तुमच्या प्लेअरमधून सिग्नल येतो तो मोठा होऊनच. तुमच्या पेटीने फक्त प्लेअर निवडायचा, आवाज कमीजास्त करायचा. वाढवून वाढवून किती, पाच-दहापट!"

"तुम्ही लोक आकडे ऐकता," भावजी कीव आल्यासारखे हसले. "मी संगीत ऐकतो."

तिने हात टेकले. "लावा."

त्यांनी कुठलासा जोड लावून माइकची वायर आपल्या पेटीत खुपसली. काचेपलीकडे ताई वाचू लागली. हेडफोनमध्ये ती तीन भिंतींआडून पुटपुटतेय असं वाटत होतं. भावजींनी बटण पार शेवटपर्यंत पिळलं, तर तापल्या तव्यावर पाणी पडावं तशी चरचर सुरू झाली आणि तिच्याखाली ताई बुडाली.

आतल्या माणसाशी बोलायचं बटण दाबून भावजी म्हणाले, "मोठ्याने वाच जरा!" मग बोट न काढताच मेहुणीकडे वळले. "हिचा आवाजच पातळ. हे हिचं काम नव्हे, मी घरीच सांगितलं होतं."

ताईचं बोट ओळीवर थांबलं.

आतापर्यंत मेहुणीला त्या पेटीचीच काय ती चीड होती. तिने वायर उपसली, पोचे पडलेल्या डब्यात लावली. "ताई, पुन्हा पहिल्यापासून."

आणि ताईचा आवाज आला. भरदार, किंचित घोगरा, मधल्या श्वासासकट.

"ठीक आहे," भावजी पुटपुटले, "पण यात ऊब नाही."

"अहो," आतून ताई म्हणाली, "तुम्ही बाहेर बसा."

"मी?"

"हो. जाताना दार ओढून घ्या."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती, तिने त्यांना आवाज कमी करा असंही कधी म्हटलं नव्हतं. भावजी पेटी पोटाशी धरून बाहेर गेले. जेवणाच्या वेळेपर्यंत ताईने तीन गोष्टी संपवल्या, एकदाही न अडखळता.

दोघी बाहेर आल्या तेव्हा बाकावर बसून ते मित्राला फोनवर सांगत होते, "उपकरणं म्हणशील तर निव्वळ भंगार रे. मी होतो म्हणून निभावलं."

ताईने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग बहिणीला विचारलं, "उद्या इकडे यायला बस कितीची आहे गं?"