खाणीच्या काठावरची हाक

परशुरामच्या हातून ती चूक झाली तेव्हा दुपारची जेवणाची वेळ होत आली होती.

दिग्गी गावाच्या वाटेवर जंगल तोडून मँगनीजची उघडी खाण काढलेली होती. पाऊस सरला की ती सुरू व्हायची. परशुराम बायकोला, ताराला, घेऊन रामनगरहून तिथं कामाला यायचा आणि पाऊस जवळ आला की परत जायचा. खडकात भोकं पाडायचं काम कान्हू आणि त्याच्या गावचे कुणबी गडी करत. त्या भोकांत दारू ठासायची, वात लावायची, शिट्टी फुंकून माणसांना लांब घालवायचं आणि मग वात पेटवायची, हे काम परशुरामचं. सगळे त्याला सुरुंगवाला म्हणत.

शिट्टी फुंकल्यावर तो नेहमी फोडलेल्या दगडांच्या मोठ्या ढिगामागं एक चक्कर टाकायचा. तिथं कुणी मागं राहिलेलं काठावरून दिसत नसे. त्या दिवशी त्यानं चक्कर टाकली नाही. का टाकली नाही, याला काही मोठं कारण नव्हतं. भूक लागली होती, ऊन चढलं होतं आणि ढिगामागं आजवर कधी कुणी सापडलं नव्हतं.

त्या दिवशी दगड वाहणारी शांती तिथं होती. डोक्यावरची चुंबळ विसरली म्हणून ती अर्ध्या वाटेवरून परत आली होती. सुरुंग उडाले आणि एक धोंडा तिच्या खांद्यावर येऊन बसला. मालाच्या ट्रकमधून तिला दांडेलीच्या दवाखान्यात नेलं. हाड मोडलं होतं. ती वाचली, पण हात गळ्यात बांधूनच झोपडीवर परत आली.

अपघाताच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीला मॅनेजर अंगडीसाहेब स्वतः उभे होते. साहेब धारवाडकडचे, उंच, बोलायला कमी. डोक्यावर पांढरी टोपी. मराठी बोलत, पण चिडले की मधेच कानडी यायचं. सगळी माणसं जमल्यावर त्यांनी परशुरामला पुढं बोलावलं.

"शिट्टी फुंकली की तुझं काम संपलं काय?"

"न्हाई, साहेब."

"ढिगामागं बघितलंस?"

"न्हाई."

"का?"

साहेबांचा आवाज वर चढला आणि चढता चढता बारीक झाला.

"आज खांदा गेला. उद्या डोकं जाईल. मग ते तू उचलणार? तुझ्या हातात वात द्यायची मला भीती वाटायला लागलीय. आणखी एक चूक झाली तर सरळ घरी जायचं."

एवढं बोलून ते वळले. माणसं गुपचूप कामाला लागली. कुणी हसलं असतं, कुणी टोमणा मारला असता, तर परशुरामला बरं वाटलं असतं. पण जो तो त्याच्याकडं न बघता पुढं गेला.

साहेब खोटं बोलले असते तर गोष्ट वेगळी होती. मग परशुरामनं संध्याकाळी कान्हूजवळ बसून त्यांना चार शिव्या घातल्या असत्या आणि तो मोकळा झाला असता. पण शब्द खरे होते. त्यामुळं ते बाहेर टाकता येईनात. ते पोटात जाऊन बसले.

तेव्हापासून भीती त्याच्याबरोबर खाणीत उतरू लागली. वात कापली की ती आखूड झाली असं त्याला वाटे. पुन्हा धरून बघे. बरोबर आहे असं दिसे, तरी पुन्हा बघे. शिट्टी तोंडाला लावली की श्वास पुरत नसे. ढिगामागं जाऊन यायचा, परत आल्यावर वाटायचं, मघाशी नीट बघितलंच नाही, आणि पुन्हा जायचा. खाणीच्या काठावर पांढरी टोपी दिसली की तो वाती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागायचा. साहेब त्याला काही म्हणत नसत. एकदाच वरून त्यांनी विचारलं, "अजून किती वेळ?" साधाच प्रश्न होता. पण परशुरामला वाटलं, घाई केली म्हणून बोलणी खाल्ली, आता उशीर करतो म्हणून खायची वेळ आली.

घरी त्याच्या पुढ्यातला भात तसाच राहू लागला.

"जेवा की," तारा म्हणाली.

"भूक न्हाई."

"साहेब आज काय बोलले?"

"काय न्हाई."

"मग?"

"बोलले न्हाईत. बगत हुते."

तारानं ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, "शांतीला बगून आलासा?"

परशुरामनं नकारानं मान हलवली. तो गेला नव्हता. उलट शांतीची झोपडी टाळायला तो झऱ्याकडची लांबची वाट धरायचा. तिच्या नवऱ्याशी गाठ पडली तर तो काय म्हणेल, ती स्वतः काय म्हणेल, याचा विचार मनात आला की त्याचे पाय आपोआप त्या वाटेकडं वळायचे.

"सोसत नसंल तर रामनगरला जाऊया," तारा म्हणाली. "माझ्या भावाचं शेत हाय. काय तरी करू."

"आता गेलो तर म्हनतील, पळाला."

"म्हनू देत."

"तसं न्हाई, तारा. तितं गेलो तरी साहेबांचा आवाज संगट येनार."

असेच दिवस चालले असताना एका सकाळी ट्रक लवकर आले. माल कमी पडला होता. ड्रायव्हर वर ट्रक उभे करून हॉर्न वाजवत होते. परशुरामनं सुरुंग भरले, शिट्टी फुंकली, ढिगामागं दोनदा बघितलं, वाती पेटवल्या आणि कान्हूबरोबर मोठ्या खडकाआड येऊन बसला. एकामागून एक धमाके झाले. धुरळा उठला. मग सगळं शांत झालं.

"एक ऱ्हायला," कान्हू हळूच म्हणाला.

परशुरामलाही धमाके मोजून ते कळलं होतं. न उडालेल्या सुरुंगाजवळ बराच वेळ जायचं नसतं. वातीत कुठं तरी ठिणगी जिवंत असते आणि ती कधी आत पोचेल याचा नेम नसतो. कान्हूला हे त्यानंच शिकवलं होतं. पण त्यानं मान वर केली तर काठावर साहेब उभे होते आणि हातातल्या घड्याळाकडं बघत होते. मागं हॉर्न वाजतच होता.

आपण वात नीट लावली नसणार. आपलीच चूक. उद्या हजेरीला पुन्हा पुढं उभं राहायचं, पुन्हा सगळी माणसं गप्प होणार, पुन्हा तो चढत जाणारा बारीक आवाज. ते त्याला सोसणार नव्हतं. समोरच्या खडकात दारू होती, पण तिथं जे काही व्हायचं ते एका क्षणात झालं असतं. विचार करता करता तो उठून उभा राहिला होता आणि उठलो कधी हे त्याला कळलंही नव्हतं.

"कुटं चाललास, परशूदा?" कान्हूनं विचारलं.

तो चालू लागला. पायाखाली ताजे फुटलेले दगड सरकत होते. दारूचा वास घशात जात होता. एवढ्यात वरून साहेबांची हाक आली. खाणीत आवाज घुमायचा, नीट कळायचं नाही. परशुरामला ऐकू आलं, "नडी! नडी!" कानडीत चाल, चल पुढं.

त्यानं पाय उचलले. हाक पुन्हा आली, अजून मोठी, अजून बारीक. तो जवळजवळ धावू लागला. डोळ्यांपुढं ते भोक होतं आणि त्यातून लोंबणारी काळी वात. मरायची भीती त्याला त्या क्षणी वाटत नव्हती. पाठीवर येणाऱ्या त्या आवाजाची वाटत होती.

मागून कुणी तरी त्याच्या कमरेला मिठी मारली. कान्हू होता. दोघंही आडवे पडले. कान्हूनं त्याला ओढत दगडांच्या ढिगाआड नेलं आणि त्याचं डोकं खाली दाबलं. परशुराम धडपडत होता. "सोड, साहेब चल म्हनालेत," एवढंच तो म्हणत होता.

तेवढ्यात सुरुंग उडाला.

जमीन हादरली. दगड ढिगावर बदाबदा आदळले. धुरळ्यानं दिवसाचा उजेड लाल झाला. कानांत नुसती शीळ वाजत होती. बऱ्याच वेळानं परशुरामनं डोकं उचललं तर कान्हू गुडघे धरून बसला होता. दोन्ही गुडघे सोलवटले होते. मग परशुरामला कापरं भरलं.

साहेब घसरत, धडपडत खाली उतरत होते. टोपी कुठं तरी पडली होती. जवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते तिथंच एका दगडावर बसले.

"निल्लो म्हणत होतो," शेवटी ते म्हणाले. "थांब, थांब म्हणून ओरडत होतो. कानडी येतं ना तुला?"

"येतंय, साहेब," परशुराम म्हणाला. "मला नडी ऐकू आलं. चल म्हनताय असं वाटलं."

"मी कशाला चल म्हणीन?"

"उशीर झाला म्हनून. तुमी घड्याळ बगत हुतासा."

"किती वेळ थांबायचं ते बघत होतो."

वर हॉर्न बंद झाला होता. साहेबांनी खाली बघूनच विचारलं, "एवढा भितोस मला?"

परशुरामनं कान्हूकडं बघितलं, मग जमिनीकडं. "व्हय," तो म्हणाला.

साहेबांनी हातानं तोंड पुसलं. "याआधीच्या खाणीत एक जण असाच न थांबता सुरुंगाजवळ गेला आणि मेला. त्याच्या घरी सांगायला मी गेलो होतो. शांतीला दगड लागला तेव्हापासून ती घरची माणसं माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाहीत. तुला हजेरीला उभं केलं तेव्हा मीच भ्यालेला होतो." ते थोडं थांबले. "बोललो ते खोटं नव्हतं, परशुराम. ते मी मागं घेत नाही. पण सगळ्यांपुढं बोलायला नको होतं. इथं खाली येऊन, तुला बाजूला घेऊन बोलायला हवं होतं."

साहेबांची परशुरामला अजूनही भीतीच वाटत होती. पण बोललं नाही तर उद्या पुन्हा असंच होईल, हेही त्याला दिसत होतं. तो म्हणाला, "थोडं दिवस मला वातीपासनं लांब ठेवा, साहेब. हात थिर ऱ्हात न्हाईत. भोकं पाडतो मी. कान्हूला सगळं येतंय. आनि कुनीबी वात लावली तरी ढिगामागं बगायला दोघं असू देत. एकट्याला आपल्याच डोळ्यांचा भरवसा वाटत न्हाई."

साहेबांनी मान हलवली. "बरं. पण पळून जायचं नाही."

"न्हाई."

त्या संध्याकाळी परशुराम शांतीच्या झोपडीकडच्या जवळच्या वाटेनं गेला. शांती झोपडीपुढं बसून एका हातानं मिरच्यांचे देठ खुडत होती. तिचा नवरा लाकडं फोडत होता. त्यानं परशुरामला बघितलं आणि कुऱ्हाड खाली ठेवली. परशुरामला मागं फिरावंसं वाटलं. तरी तो उभा राहिला.

"चुकी माझी हाय," तो शांतीला म्हणाला. "ढिगामागं बगितलं न्हाई मी."

"व्हय, तुजीच," शांती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तशी मायाही नव्हती. "अजून दुखतंय. कूस बदलता येत न्हाई. घागर उचलता येत न्हाई."

"तारा आनंल पानी. मी सांगतो तिला."

"तारा आनतीच की. पैल्या दिवसापासनं." शांतीनं मिरची टोपलीत टाकली. "तुला सांगितलं न्हाई तिनं?"

एवढे दिवस परशुराम ही झोपडी टाळत होता आणि त्याची बायको रोज इथं येत होती.

"तू यायला पायजे हुतास, दादा," शांती म्हणाली. "दगूड लागला त्याचं येवडं न्हाई. तू तोंड लपवलंस, त्याचं वाईट वाटलं."

तिच्या नवऱ्यानं पुन्हा कुऱ्हाड उचलली आणि ओंडक्यावर घातली. परशुराम अंधार पडेपर्यंत तिथं बसला आणि फोडलेली लाकडं रचत राहिला. कुणी त्याला जा म्हटलं नाही.

कडुलिंबाला पालवी फुटली तेव्हा त्यानं पुन्हा वात हातात घेतली. पहिल्या दिवशी कान्हू त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं वात दोनदा तपासली, मग पेटवली आणि सगळे सुरुंग उडाले. भीती गेली असं नाही. ती रोज सकाळी यायची, पण दुपारपर्यंत थोडी मागं राहायची.

आणि साहेब पुन्हा बोललेच. वातीची गुंडाळी परशुरामनं रात्री उघड्यावर ठेवली आणि दवानं ती ओलसर झाली. ह्या वेळी साहेब खाली आले, त्याला बाजूला नेलं, आणि तिथं चांगलेच बोलले. परशुरामला पळून जावं असं वाटलं. पण तो उभा राहिला आणि त्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"व्हय, चुकलं," तो म्हणाला. "आजपासनं पेटीत ठेवतो."

साहेब गेले. परशुरामनं ओली वात बाजूला काढली, कोरडी वेगळी केली आणि पेटीला झाकण घट्ट बसतंय का ते बघितलं.

संध्याकाळी तारा झऱ्यावर भांडी घासत होती. तो तिच्याजवळ दगडावर जाऊन बसला.

"आज साहेब बोलले," तो आपणहून म्हणाला.

तारानं हातातलं भांडं खाली ठेवलं. "काय बोलले?"

आणि त्यानं पहिल्यापासून, हजेरीच्या त्या सकाळपासून, सांगायला सुरुवात केली.