कानाच्या कडेची मापं

नवऱ्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेवर, कान जिथे मागे वळतो त्या वळणावर, एक खपली होती. या रविवारी ती सात मिलिमीटर लांब आणि पाच रुंद भरली. एका बाजूने कड उचललेली, मधला भाग किंचित खोलगट, रंग वाळलेल्या मधासारखा. मागच्या खेपेला लांबी साडेपाच होती. भोवतालची कातडी बाकीच्या कानापेक्षा टणक लागत होती. पण टणकपणा मोजायची पट्टी तिच्याकडे नव्हती, म्हणून तो तिने कुठे लिहिला नव्हता.

"झालं का गं? मानेला मुंग्या आल्या."

"हलू नकोस."

"न्हाव्याकडे निदान रेडिओ तरी असतो."

"मग जा न्हाव्याकडे."

"तो तुझ्याइतकं निरखून बघत नाही ना," नवरा म्हणाला आणि स्वतःच हसला.

तिने पारदर्शक पट्टी हळूच खिशात सरकवली आणि ट्रिमर पुन्हा सुरू केला.

महिन्याच्या पहिल्या रविवारी ती नवऱ्याचे केस कापायची. गॅलरीत प्लास्टिकची खुर्ची, गळ्याभोवती जुनी चादर. लग्न झाल्यापासूनचा शिरस्ता. नवरा उघड्या तलावावर पोहायला शिकवायचा. सकाळी तीन बॅच, संध्याकाळी दोन. "सशासारखी घाई कराल तर नाकातोंडात पाणी जाईल," असं तो पहिल्याच दिवशी सांगे, म्हणून मुलं त्याला कासवकाका म्हणत. पाण्यात जायचं म्हणजे केस बारीक हवेत. आणि केस कापायला मागे उभं राहिलं की कान डोळ्यांसमोर येणारच.

सात महिन्यांपूर्वी तो ठिपका पहिल्यांदा दिसला तेव्हा तीन मिलिमीटर होता. "इथे खरचटलंय का?" तिने विचारलं होतं. "गॉगलचा पट्टा घासतो," तो म्हणाला. पटण्यासारखं होतं. पट्टा त्या जागेवरून जातच नाही, हे तिने दुसऱ्या महिन्यात पाहिलं.

ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर शरीराचा जो तुकडा कापून बाटलीत घालून पाठवतात तो मेणात बसवायचा, त्याचे केसाहूनही पातळ काप काढायचे, ते काचेवर घेऊन रंगवायचे, हे तिचं काम. सूक्ष्मदर्शकातून बघून निदान करणारे वेगळे. पण बारा वर्षं हेच केल्यावर बाटल्यांसोबतच्या चिठ्ठ्या वाचून वाचूनच बरंच कळायला लागतं. वय पन्नासच्या आसपास, काम उन्हातलं, कानाची कड, जखम भरत नाही. अशा चिठ्ठीची बाटली तिच्या टेबलावर कितीदा आली होती. काहींचं उत्तर साधं यायचं, काहींचं कर्करोगाचं.

मग ती बोलली का नाही? त्यामागे एक जुनी फजिती होती. दोन वर्षांपूर्वी मुलीच्या मांडीवर तिला निळसर डाग दिसले. तिने रात्रभर पुस्तकं चाळली, दोन दिवसांत तीन डॉक्टर गाठले, सगळ्या घराच्या तोंडचं पाणी पळवलं. तिसऱ्या डॉक्टरांनी स्पिरिटचा बोळा मांडीवरून फिरवला आणि बोळा निळा झाला. नव्या पॅंटचा रंग उतरला होता. सासूबाई पुढे महिनाभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होत्या, "लोक शितावरून भाताची परीक्षा करतात, आमची सून एकेक शीत मोजते." नवऱ्याने तेव्हापासून तिचं नाव भिंग ठेवलं. "ए भिंग, माझा चष्मा दिसतो का बघ." ती सगळ्यांबरोबर हसायची. पण ते मनाला लागलं होतं. हातात आकडे असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं.

म्हणून ती आकडे गोळा करत राहिली. पहिल्या महिन्यात एकच होता, आणि एका बिंदूवरून रेघ काढता येत नाही. दुसऱ्या महिन्यातला फरक अर्ध्या मिलिमीटरचा. तेवढी चूक मोजण्यातही होते. तिसऱ्या महिन्यात तिची खात्री पटली, आणि नेमकं त्याच महिन्यापासून सांगणं अवघड होऊन बसलं. कारण आता खपलीबरोबर तारखाही सांगाव्या लागल्या असत्या. आधी बोलली असती तर ती काळजी ठरली असती. आता ती कबुली ठरणार होती, आणि दर महिन्याला ती कबुली जड होत चालली होती.

मोजलं की काहीतरी केल्यासारखं वाटे. आकडा लिहिला की त्या दिवशी तिला शांत झोपही लागे. याचीच तिला सगळ्यात जास्त लाज वाटायची.

आकडे ती ट्रिमरच्या डब्याच्या झाकणात, आतल्या बाजूला, पेन्सिलीने लिहायची. पाचव्या महिन्यात ते नवऱ्याच्या नजरेस पडले.

"तीन, साडेतीन, चार, साडेचार. हे काय गं? ट्रिमरचे नंबर लिहून ठेवतेस की काय?"

त्याने तिला आयती वाट करून दिली होती. नुसतं 'नाही' म्हटलं असतं तरी पुढचं आपोआप बाहेर आलं असतं.

"हो," ती म्हणाली.

"साडेतीनाचाही नंबर असतो?"

"असतो."

"धन्य आहे. आमच्या घरी केसांवरही संशोधन चालतं," असं तो दुसऱ्या दिवशी तलावावर सगळ्यांना सांगून आला. तिथल्या सुरक्षारक्षकाने तिला भेटल्यावर मुद्दाम विचारलं, "वहिनी, या महिन्यात साहेबांना कितवा नंबर?" तिने हसून साजरं केलं.

गेल्या आठवड्यात लॅबमध्ये एक बाटली नोंदणीच्या खिडकीशीच राहून गेली. मध्ये सुट्टी आली आणि दोन दिवस ती कोणाच्या लक्षातच आली नाही. तिने नोंदणीवाल्याला सगळ्यांदेखत झापलं. "ही बाटली नाही, माणूस आहे. कोणाच्या तरी घरी या उत्तराकडे डोळे लावून बसलेत." तो बिचारा कानकोंडा झाला. "चुकलं ताई," म्हणाला. ती जागेवर येऊन बसली, मेणाचा ठोकळा यंत्रात लावला, आणि तिचा हात थांबला. तो दोन दिवस विसरला होता. ती काहीच विसरली नव्हती.

"आई, हे लाव ना."

मुलगी गॅलरीत आली. नऊ वर्षांची, पोहण्याच्या कपड्यांत, हातात सनस्क्रीनची ट्यूब. तिने ट्रिमर बंद करून ठेवला आणि लेकीला समोर उभं केलं. नाक, गाल, मान, खांदे, गुडघ्यांच्या मागे. कानांना आतून बाहेरून. मुलीला हा क्रम पाठ होता. एखादी जागा राहिली की तीच सांगायची. नवऱ्याला मात्र तिने दोनदा आग्रह केला होता आणि सोडून दिला होता. "गेंड्याला कोणी क्रीम लावतं का? आमचं कातडं आधीच भाजून निघालंय," तो म्हणायचा. मुलीच्या कानाला रोज मलम आणि नवऱ्याच्या कानाला महिन्यातून एकदा पट्टी, असा तिच्या घरचा न्याय होता.

"आणि ऐक," नवरा चादरीतून हात बाहेर काढत म्हणाला, "उद्यापासून सुट्टीची बॅच सुरू. बारा ते दोन. दोन महिने. ही पण येणार आहे माझ्याबरोबर."

"बारा ते दोन? भर उन्हात?"

"तलाव तेव्हाच रिकामा असतो. आणि पाण्यात कुठलं आलंय ऊन?"

"बाबा, तू पण लाव मग," मुलगी म्हणाली. "तू नाही लावलंस तर मी पण नाही लावणार."

"घ्या. एक भिंग होतं, आता दुसरं तयार झालं."

"मी लावते. गप्प बस." मुलीने हातावर मलम घेतलं आणि बापाच्या मानेवर, मग कानावर, जोर लावून चोळायला लागली. तो डोळे मिटून बसला होता. अचानक तिने हात मागे घेतला. बोटावरच्या पांढऱ्या मलमात तांबडी रेघ उमटली होती.

"बाबा, रक्त."

"कुठे? अगं, ट्रिमर लागला असेल. काप काढायची सवय तुझ्या आईला. मेण काय नि कान काय, सारखंच."

मुलीने आईकडे पाहिलं. "आई, तू बाबाला कापलंस?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं. सॉरी म्हणायचं, कापूस दाबून धरायचा, नवऱ्याने दोन टोमणे मारायचे, आणि पुढच्या पहिल्या रविवारपर्यंत विषय संपायचा. तिचं तोंड उघडलंही होतं. पण मुलगी तिच्याकडे रागाने नाही, तर खरं काय ते आईला माहीत असणार अशा भरवशाने बघत होती. तो भरवसा तिला सोसेना.

सात महिने ती त्याच्या पाठीमागे उभी राहत आली होती. आता ती पुढे आली आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसली. कापसाचा तुकडा तिने त्याच्या कानाला लावून धरला.

"मी नाही कापलं," ती म्हणाली. "ती जखम आहे. भरत नाहीये. सात महिन्यांपासून आहे ती."

"सात महिने? छे, गॉगलचा पट्टा..."

"पट्टा तिथून जात नाही. मी पाहिलंय. मी दर महिन्याला ती मोजत होते. तीन मिलिमीटरची आता सात झालीय."

तो हसायच्या बेतात होता. तिच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "आणि मला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का?"

"आधी तुम्ही सगळे हसाल म्हणून. नंतर तू विचारशील म्हणून. हेच, आत्ता विचारलंस ते."

मुलगी ट्यूबचं झाकण लावत, काढत उभी होती. खाली कोणीतरी गाडी धूत होतं, त्याचं पाणी पडल्याचा आवाज येत होता. नवऱ्याने कानाकडे हात नेला आणि मध्येच खाली घेतला.

"काही नसेलही ना?" तो हळू आवाजात म्हणाला. "तुझ्याकडे येतात त्यातलं बरंचसं साधंच निघतं, तूच म्हणतेस."

"नसेलही. पण ते मला नुसतं बघून कळणार नाही, तुलाही नाही, आणि पट्टीने तर नाहीच नाही." तिने कापूस बदलला. आवाज ठरवून सावकाश ठेवला. "उद्या तू तलावावर जायचं नाहीस. सकाळी आपण दोघं त्वचेच्या डॉक्टरांकडे जातोय. त्यांना तुकडा काढून तपासू दे. आणि मी किती महिने गप्प बसले, ते मीच त्यांना सांगणार आहे, तुझ्यादेखत."